पलासियात शिजलेलं वागाशी

इंदुरात दूध लपून राहत नाही. मुंबई सेंट्रलहून रात्री सुटलेली अवंतिका एक्सप्रेस सकाळी इथे पोचते, आणि स्टेशनवरून पलासियाकडे निघालं की जागोजागी पोह्यांच्या ठेल्याशेजारी जिलबीची कढई आणि तिच्या शेजारी दुधाची कढई दिसू लागते. राजवाड्यापासून रिगलमार्गे येणारा महात्मा गांधी रस्ता पलासिया चौकात जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याला भेटतो. चौकाच्या आसपास जुनं पलासिया आणि नवं पलासिया अशा दोन वस्त्या. नव्या पलासियात ‘छप्पन दुकान’ नावाची प्रसिद्ध खाऊगल्ली आहे. गल्लीत आता गाड्यांना मज्जाव आहे, बसायला बाकं आहेत, पायाखाली स्वच्छ फरशी आहे आणि खाण्याचा आनंद निवांत घेता येतो.

मी सुरुवात शिकंजीपासून केली. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. आटवलेलं दूध, त्यात थोडा आंबट-गोड मठ्ठा किंवा श्रीखंडाच्या वळणाचं दही, केशर, वेलची आणि सुकामेवा घालून केलेलं ते थंडगार पेय आहे. इतकं दाट की पेला संपवायला चमचा लागतो. रात्री सराफ्यात गेलं, की सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांसमोर रबडी उकळत असते. मावाबाटी हा खास माळव्याचा पदार्थ: खव्याच्या कणकेत सुकामेव्याचं सारण भरून, तळून, पाकात सोडलेला मोठा गोळा. भुट्ट्याचा कीस म्हणजे किसलेलं कोवळं मक्याचं कणीससुद्धा इथे दुधातच शिजवतात.

हे सगळं खाताना एक गोष्ट ध्यानात येते. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या या पठारावर दूध टिकवायचं कसं, या प्रश्नाला माळव्याने दिलेलं उत्तर म्हणजे आटवणं. दुधातलं पाणी वाफ करून उडवायचं. खवा, रबडी, बासुंदी, पेढा ही सगळी त्या एकाच उत्तराची रूपं. आपल्या सह्याद्रीतल्या गवळी-धनगरांचं उत्तर वेगळं होतं. त्यांनी दुधाचं लोणी आणि तूप केलं आणि ते डोंगराखालच्या बाजाराला नेलं. याच प्रश्नाचं तिसरं उत्तर पश्चिम आफ्रिकेत सापडतं आणि त्याच्यासाठी मी पलासियात आले होते.

माझा मामेभाऊ काजूच्या व्यापारात नोकरीला होता. बेनिन हा पश्चिम आफ्रिकेतला चिंचोळा देश. तिथला कच्चा काजू बरीच वर्षं भारतातल्या कारखान्यांकडे येत राहिला. त्या कामासाठी दादा आणि वहिनी आधी कोटोनू या बंदराच्या शहरात आणि नंतर उत्तरेकडच्या पाराकूला राहिले. आता दोघं नव्या पलासियात मामीजवळ असतात. वहिनी शाकाहारी. परक्या देशात पहिले काही आठवडे डाळ-भातावर काढल्यावर तिला बाजारात वागाशी भेटलं. ‘ताई, ते मिळालं आणि माझा जीव भांड्यात पडला,’ ती म्हणाली. ते ती इथे करून दाखवणार होती.

वागाशी म्हणजे फुलानी बायकांनी केलेलं ताज्या दुधाचं चीज. फुलानी हे सेनेगलपासून पार चाडपर्यंत पसरलेले गुराखी लोक. बेनिनमध्ये फ्रेंच भाषेमुळे त्यांना पेल म्हणतात. पावसाळा संपला की गुरं घेऊन चाऱ्याच्या मागे जायचं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. गुरं पुरुषांची, पण दूध बायकांचं, हा त्यांच्यातला नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. धार काढल्यानंतर त्या दुधाचं काय करायचं, किती घरात ठेवायचं, किती विकायचं हे घरची बाई ठरवते आणि आलेला पैसाही तिचाच. गुरांचा तळ बाजारापासून लांब, ऊन कडक, बर्फाचं नाव नाही. सकाळचं दूध दुपारी बाजारात पोचेपर्यंत आंबणार. म्हणून ती त्याचं चीज करते. नायजेरियात योरुबा लोक याच चीजला ‘वारा’ म्हणतात आणि तिथल्या बायका मोठ्या वाडग्यांत, त्याच्याच पाण्यात बुडवून ठेवून ते डोक्यावरून विकतात. घाना आणि टोगोतही ते मिळतं.

हे दूध फोडायला त्या जे वापरतात ते ऐकून मला धक्का बसला: रुईचा चीक.

रुईच्या दोन जाती आपल्याकडे दिसतात. त्यातली कॅलोट्रोपिस प्रोसेरा ही आफ्रिकेत वापरतात. कोरड्या माळवा-निमाडात रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, कशालाही न जुमानता वाढणारं, जाड राखाडी-हिरव्या पानांचं हे झुडूप. इथे त्याला आकडा म्हणतात. आपण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, रथसप्तमीला अंघोळीच्या वेळी तिची पानं अंगावर ठेवतो, आणि मुलांना बजावतो की चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाईल. तो चीक दुधात टाकण्याचं धाडस आपल्या आज्यांनी केलं नाही. फुलानी बायकांनी केलं. पानं आणि कोवळे देठ कुटून थोड्या दुधात कालवायचे, गाळायचे आणि ते गाळलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतायचं. चिकातली प्रथिनं तोडणारी विकरं दुधाला घट्ट करतात. मग सगळं उकळेपर्यंत तापवतात, तेव्हा विकरांचं काम थांबतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. किती पानं, कोणती पानं, किती वेळ, हे फुलानी मुलगी आईशेजारी बसून वर्षानुवर्षं शिकते. आपल्या अंगणातली पानं तोडून हा प्रयोग कुणीही करू नये. वहिनीनेही कधी केला नाही. पाराकूच्या तिच्या शेजारणीने तिला सगळी कृती दाखवली, पण पानांना हात लावू दिला नाही, आणि वहिनीला ते मनापासून पटलं.

मग पलासियात काय वापरायचं? उत्तर सियागंजात होतं. सियागंज ही इंदूरची किराण्याची जुनी घाऊक पेठ. हळद, धणे, सुंठ यांच्या वासाने भरलेल्या गल्लीतल्या एका पंसाऱ्याकडे वहिनीने ‘पनीर डोडा’ मागितला. तिने काही सांगण्याआधीच त्याने ‘शुगरके लिए?’ म्हटलं. मधुमेहासाठी रात्री ही फळं पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी पिण्याची चाल आहे, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. कागदी टरफलात बसलेली, सुकून तपकिरी झालेली, वाटाण्याएवढी फळं, आत चिकट गरात बारीक बिया. हे झाड अश्वगंधेचं भावंड, विथानिया कोअॅगुलन्स. अश्वगंधा इथून जवळच नीमच-मंदसौरकडे शेतात पिकते आणि नीमचच्या मंडीत तिचा मोठा बाजार भरतो. पनीर डोडा मात्र सिंध, बलुचिस्तान, पंजाब, राजस्थान अशा रुक्ष मुलखातला. तिथले पशुपालक दूध जमवायला तो पूर्वापार वापरत आले.

इंग्रजांना या फळात भारी रस होता. त्यांचं चीज वासराच्या जठरातल्या रसाने जमायचं आणि हिंदू माणूस ते खाणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वनस्पतीचं विरजण मिळालं तर हिंदुस्थानात चीजचा धंदा उभा राहील, असा विचार. केंब्रिजचे शेरिडन ली यांनी 1883 साली या बियांमधल्या विकरावर रॉयल सोसायटीपुढे शोधनिबंध मांडला. बिया मिठाच्या पाण्यात भिजवल्या की विकर चांगलं उतरतं आणि ते पाणी टिकतंही, हे त्यांनी दाखवलं. वहिनीला शेरिडन ली माहीत नव्हते, पण तिने रात्री मूठभर डोडा खलबत्त्यात भरड कुटला, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि कोमट पाण्याच्या वाटीत सोडताना चिमूटभर मीठ घातलं.

सकाळी डेअरीवर गेलो. गाईचं दूध हवं होतं आणि तेही न तापवलेलं. हा मुद्दा घरी करून बघणाऱ्याने लक्षात ठेवावा. एकदा उकळलेलं दूध लिंबाने फाटतं, पण विकराने नीट जमत नाही, कारण तापल्यावर दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटून बसतात आणि विकराला काम करायला जागा उरत नाही. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध बरंच बरं, पण ताज्या धारेची सर त्याला नाही. इंदुरात म्हशीचं दूध सहज मिळतं. गाईचं हवं म्हटलं की भैया एकदा आपल्याकडे बघतो आणि मग आतल्या कॅनकडे वळतो. माळवी जातीची पांढरी-राखाडी गाय आगर-शाजापूरकडची. ती मुळात नांगराच्या बैलांसाठी पाळलेली, दूध बेताचं. बेनिनमधली बोर्गू गायही अशीच थोड्या दुधाची. त्यामुळे तिथे एकेका गाईचं नाही, सगळ्या तळाचं दूध एकत्र करूनच पातेलं भरतं.

आम्ही पाच लिटर आणलं. जाड बुडाच्या पातेल्यात वहिनीने ते मंद आचेवर ठेवलं आणि करंगळी बुडवून बघत राहिली. बोटाला गरम लागेल, पण चटका बसणार नाही, इतपत. मग पुरचुंडी वाटीतच पिळली आणि ते तपकिरी पाणी दुधात ओतून एकदा डाव फिरवला. ‘आता हलवायचं नाही. तिथल्या बायका या वेळात गप्पा मारतात,’ ती म्हणाली. आम्हीही मारल्या.

मामी ओट्याशी आली, पातेल्यात डोकावली आणि तिचा चेहरा उतरला. ‘इतकं सुंदर दूध, फाडायचं कशाला? खवा करू ना, संध्याकाळी बाट्या होतील.’ मामीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नव्या घरात दूध उतू घालणारे आपण. फाटलेलं दूध दिसलं की आपल्या घरात अजूनही कुणीतरी हळहळतं. ही हळहळ जुनी आहे, पण सार्वत्रिक नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तापलेल्या दुधात आंबट घालून फोडायचं, चोथा गाळून घ्यायचा, त्यात तांदळाचं पीठ मळून गोळे तुपात तळायचे, अशी कृती आहे. म्हणजे दख्खनच्या राजाच्या मुदपाकखान्यात दूध मुद्दाम फोडलं जात होतं. बंगालने पुढे छेन्यावर अख्खं मिठाईशास्त्र उभं केलं. सुरत-मुंबईच्या पारशी घरांत ‘टोपली पनीर’ होतं. लहान वेताच्या टोपल्यांत जमवलेलं, खारट पाण्यात तरंगतं ठेवलेलं, जिभेवर विरघळणारं. टोपलीत जमवणं आणि पाण्यात ठेवणं, ही फुलानी बायकांचीही रीत. माळवा आणि आपला महाराष्ट्र यांनी मात्र पातेलं आचेवर ठेवून ढवळत राहणं पसंत केलं.

अर्ध्या तासात दूध स्थिरावलं होतं. वहिनीने सुरीचं टोक खुपसून बाजूला ओढलं तर आरशासारखी स्वच्छ फट पडली आणि तिच्यात हिरवट पाणी भरून आलं. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन, ते बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं, आणि प्रत्येक गोळ्यावर लव असते म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. विकर ती लव कापतं. मग गोळे जवळ येतात, जाळं विणतात आणि त्यात स्निग्धांश अडकतो. लिंबाचं काम निराळं. आंबटपणाने गोळ्यांवरचा विद्युतभार उतरतो आणि ते झटक्यात गोळा होतात. म्हणून पनीर दाणेदार, आणि डोड्याचं किंवा रुईचं चीज गुळगुळीत, लवचीक.

पनीरवाला इथेच थांबून दाबायला घेईल. वागाशीची खरी मेहनत पुढे असते. वहिनीने दह्यासारख्या त्या थराचे मोठे तुकडे केले आणि आच वाढवली. पाणी सुटत गेलं, तुकडे आक्रसले, वरती फेस आला. तो तिने झाऱ्याने काढून टाकला. पाणी खदखदायला लागलं तरी तिने गॅस बंद केला नाही. त्याच उकळत्या पाण्यात तुकडे बराच वेळ शिजू दिले. या शिजण्याने दुहेरी काम होतं. विकर मरतं, नाहीतर चीज पुढे कडू होत जातं. आणि प्रथिनांचं जाळं इतकं घट्ट होतं की नंतर तव्यावर किंवा तेलात टाका, ते वितळत नाही. फुलानी बाईला ही उकळी आणखी एका कारणासाठी हवी असते: रुईचा वास तिच्यात उडून जातो. शेवटी मीठ पडलं. झाऱ्याने तुकडे उचलून वहिनीने छोट्या टोपल्यांत भरले, वरून तळव्याने हलकेच दाबले, आणि पालथे करून पुन्हा भरले. पाराकूला या टोपल्या पामच्या पात्यांच्या असतात. पलासियात प्लॅस्टिकच्या चाळण्या चालल्या. पाच लिटरमधून किलोला थोडे कमी भरतील असे गोल चापट गोळे मिळाले.

गरम असतानाच एक तुकडा मी तोंडात टाकला. दाताखाली किंचित करकरला. दुधाची गोडी, मिठाची धार आणि मागे अगदी पुसटसा कडवटपणा. तो डोड्याचा. डोडा जास्त झाला की हाच कडवटपणा तोंडभर पसरतो, म्हणून पाच लिटरला वाटीभर पाणी पुरे. मामीने हात पुढे केला नाही, पण वहिनीने तिच्या तळहातावर ठेवलेला तुकडा तिने खाल्ला आणि म्हणाली, ‘खारी बर्फी.’ मग आणखी मागून घेतला.

बेनिनमध्ये हे गोळे एवढ्यावर थांबत नाहीत. ताजं पांढरं वागाशी एक-दोन दिवसांचं धनी. बाजारापर्यंतचा प्रवास लांब असला, की ते लाल होतं. तिथे एका जातीच्या ज्वारीच्या ताटांवरची गडद लाल पानकोशं वाळवून ठेवतात, पाण्यात उकळतात आणि त्या लाल रंगात हे गोळे शिजवतात. बाहेरून विटकरी, आतून पांढरे. कोटोनूच्या प्रचंड दांतोक्पा बाजारात वहिनीने अशा लाल गोळ्यांच्या राशी पाहिल्या. रंगाने गिऱ्हाईक ओढलं जातं हे खरंच, शिवाय पुन्हा एकदा उकळल्याने टिकाऊपणाही वाढतो. विकायचं राहिलेलं वागाशी बाया रोज मिठाच्या पाण्यात परत उकळतात, काही जणी उन्हात वाळवतात. माळवा एके काळी ज्वारीचा मुलूख, पण ती रंगाची ज्वारी इथे नाही. आमचं वागाशी पांढरंच राहिलं.

दुपारचं जेवण वहिनीने पाराकूच्या पद्धतीने वाढलं. बोटभर जाड तुकडे कापून शेंगदाण्याच्या तेलात तळले. कडा सोनेरी, खरपूस, आत मऊ, आणि एकही तुकडा फुटला नाही. टोमॅटो, कांदा, आलं, लसूण आणि भरपूर लाल मिरची वाटून केलेल्या रश्शात ते सोडले. सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड. बेनिनमधल्या गरिबाघरी मांस परवडत नाही त्या दिवशी हेच तुकडे रश्शात पडतात आणि ताट पुरतं होतं. रस्सा आत मुरतो, तरी तुकडा आपला आकार सोडत नाही. पनीर इतका वेळ रश्शात राहिलं असतं तर चिवट झालं असतं. मला विचाराल तर तिखट रश्शासाठी वागाशी पनीरपेक्षा उजवं आहे.

जेवताना दादाने एक जोड सांगितली. नायजेरियात दूध महाग झालं, तसं त्याच पद्धतीने सोयाबीनच्या दुधाचं चीज घराघरात होऊ लागलं. तळून, मसाला लावून ते रस्त्यावर विकतात. इंदूर तर सोयाबीनचं शहर. देशाची सोयाबीन संशोधन संस्था 1987 पासून इथेच आहे आणि माळव्याच्या काळ्या जमिनीत खरिपाला जिकडे तिकडे सोयाबीनच उभं असतं. छप्पनच्या आसपास सोया पनीरही मिळतं. ते विकणाऱ्याला आपला नायजेरियातला भाऊबंद ठाऊक असण्याचं कारण नाही.

एक विचार माझ्या मनात त्या दिवशी सतत येत होता. हे शहर ज्यांनी वाढवलं ते होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे धनगर. मल्हाररावांच्या मागे माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी पुरणपोळी, थालीपीठ, श्रीखंड इथे आणलं आणि इथल्या पोह्यांना, शेवेला, बाटीला आपलं म्हटलं. धनगरांच्या वंशाने वाढवलेल्या शहरात दुसऱ्या एका खंडातल्या गुराखी बायकांचं चीज शिजावं, ते एका मराठी सुनेने शिजवावं, आणि त्यासाठी लागणारी फळं सियागंजात सहज मिळावीत, याचा मला मनापासून आनंद झाला.

पलासियात येणाऱ्या खवय्याला वागाशी कोणत्याही दुकानात मिळणार नाही, ते घरीच करावं लागेल. डोडा विकत घेताना फळं टरफलासकट, न किडलेली आणि शक्य तितकी नवी बघून घ्यावीत. जुन्या फळांचा जोर कमी पडतो आणि मग दूध तासभर तसंच बसून राहतं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोडा पोटात घेऊ नये. चीज काढल्यावर पातेल्यात उरलेलं पाणी फेकू नये. वहिनीने त्यात संध्याकाळी कणीक मळली, तर मामीने वाटीभर पाणी बाजूला काढून त्यात मीठ-जिरं घातलं आणि ताकासारखं पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेले तुकडे वहिनीने पुन्हा मिठाच्या पाण्यात उकळून घेतले, तळले आणि पोह्यांवर शेवेसोबत पेरले. मामीने स्वतः भैयाला फोन करून गाईच्या दुधाचे आणखी पाच लिटर सांगून ठेवले.